रिपोर्टात ‘एएमएल एम२’ लिहिलंय, म्हणजे कॅन्सर दुसऱ्या स्टेजला आहे का?

भाचा_तासगाव

नमस्कार मंडळी. इथं डॉक्टर, लॅबवाले आणि ह्यातून गेलेले लोक आहेत म्हणून विचारतोय.

माझा मामा, वय ४७, घरची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी चालू असतानाच त्याला दम लागायला लागला. हिरड्यांतून रक्त, मांडीवर निळे डाग. आम्हाला वाटलं, फवारणीचं औषध अंगात गेलं असणार. तालुक्याच्या लॅबमध्ये सीबीसी केली तर हिमोग्लोबिन ६.१, प्लेटलेट १९ हजार, पांढऱ्या पेशी ३४ हजार. लॅबच्या डॉक्टरांनी स्वतः फोन करून सांगितलं, पेशंटला आजच्या आज मोठ्या दवाखान्यात हलवा. कागदावर होतं: ब्लास्ट ६२ टक्के, ऑअर रॉड दिसतात, अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, एम२ प्रकार वाटतो, खात्री करून घ्यावी.

त्या एम२ वरून घरात निराळाच घोळ सुरू आहे. मावशी म्हणते, दुसऱ्या स्टेजलाच सापडलंय, देवाची कृपा. धाकटे मामा म्हणतात, एम म्हणजे मेटास्टॅसिस. त्यांच्या शेजाऱ्याच्या रिपोर्टात टी, एन, एम असं काहीतरी होतं म्हणे. मामी ह्याच्या तोंडाकडं बघते, त्याच्या तोंडाकडं बघते, बोलत काहीच नाही.

मोठ्या दवाखान्यात बोन मॅरो आणि फ्लो सायटोमेट्री झाली. त्या रिपोर्टात एम२ कुठंच नाही. नुसतं अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, आणि खाली यादी: सीडी३४, सीडी११७, एमपीओ पॉझिटिव्ह. त्याच यादीत सीडी१९ आणि सीडी५६ पण पॉझिटिव्ह. मी नेटवर बघितलं तर सीडी१९ म्हणजे बी लिम्फोसाइट. मग हा एएमएल की एएलएल, म्हणजे लिम्फॉइडवाला अक्यूट ल्युकेमिया?

आता डॉक्टर म्हणतात क्रोमोसोमची टेस्ट, फिश (क्रोमोसोममधला ठरावीक बिघाड चमकणाऱ्या खुणेनं शोधायची टेस्ट) आणि जीन्सची एक टेस्ट करायची. योजनेचं कार्ड चालू झालंय, पण ह्यातली एक टेस्ट बाहेरच्या लॅबला पाठवायची म्हणून पैसे भरायला सांगितलेत. माझं साधं विचारणं आहे. नाव ठरलं असेल तर परत टेस्ट कशाला? आणि ठरलं नसेल तर केमो कशाच्या भरवशावर सुरू करताय? डॉक्टर माणूस चांगला आहे, पण ओपीडीला एवढी गर्दी की हे विचारायला तोंड उघडत नाही.

वाकडकर

मी डॉक्टर नाही, माझा भाऊ पेशंट होता. एवढं खात्रीनं सांगतो, ह्या आजाराला स्टेज नसते. आम्ही पण पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं.

भावाच्या कागदावर एम३ होतं, प्रश्नचिन्हासकट. आमच्याकडं उलटं झालं. बाकी कुठलाही रिपोर्ट यायच्या आधी, त्याच संध्याकाळी त्याला कॅप्सूल सुरू केल्या. ट्रेटिनॉइन नावाच्या, लोक त्याला आट्रा म्हणतात. मी विचारलं, अहो अजून पक्कं कुठं झालंय? ते म्हणाले, पक्कं होईपर्यंत डोक्यात रक्तस्राव झाला तर पक्कं करून काय करू? चार दिवसांनी फिश पॉझिटिव्ह आली. आज भाऊ नोकरीवर आहे, आणि डोकं खातो पूर्वीसारखंच.

तुमच्या मामाच्या बाबतीत एम३ नाही हे कोणी तपासलंय का, तेवढं विचारा.

निळी_स्लाइड

भाचेबुवा, मी पॅथॉलॉजिस्ट. रक्ताच्या स्लाइड बघण्यातच नोकरी गेली. आता निवृत्त आहे, तरी कोणी स्लाइड दाखवली की घड्याळ बघायचं विसरते. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी मामींना सांगा: एम२ ही स्टेज नव्हे आणि मेटास्टॅसिसही नव्हे. गाठीच्या कॅन्सरमध्ये गाठ किती मोठी, कुठवर पसरली ह्यावरून स्टेज लावतात. टी-एन-एम ही त्याचीच भाषा. रक्त पहिल्या दिवसापासून अंगभर फिरतंय, तिथं पसरण्याची स्टेज कसली लावणार? काही क्रॉनिक ल्युकेमियांना स्टेज असते, अक्यूटला नाही. एम म्हणजे मायलॉइड, रक्तपेशींच्या दोन घराण्यांपैकी एक (दुसरं लिम्फॉइड), आणि २ हा नुसता यादीतला क्रमांक. एम५ हा एम२ पेक्षा पुढं गेलेला नसतो, तो वेगळ्या घरचा असतो.

हे आकडे आले कुठून, तर १९७६ साली फ्रान्स, अमेरिका आणि ब्रिटन इथल्या सात रक्ततज्ज्ञांनी एकत्र बसून एक पद्धत ठरवली. तीन देशांच्या आद्याक्षरांवरून तिला एफएबी म्हणतात. तोवर एकाच स्लाइडला लंडनचा माणूस एक नाव द्यायचा, पॅरिसचा दुसरं. मग कोणत्या औषधाचा कुणाला उपयोग झाला ह्याची तुलना होणार कशी? म्हणून त्यांनी फक्त डोळ्यांना दिसतं त्यावर आणि तीन-चार रंगद्रव्यांवर नियम बसवले. मायलॉइडचे एम१ ते एम६, लिम्फॉइडचे एल१ ते एल३. एम७ नंतर १९८५ मध्ये आला आणि एम० १९९१ मध्ये. पेशी मायलॉइडच आहे, पण मायक्रोस्कोपखाली ओळख देतच नाही, असा तो एम०. शून्य क्रमांक शेवटी आला ह्याची मला अजून गंमत वाटते.

आता तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी काय पाहिलं असेल ते सांगते. मॅरोत, म्हणजे हाडातल्या मगजात, पेशी कोवळ्या अवस्थेतून पिकत जातात आणि मग रक्तात येतात. कोवळी पेशी म्हणजे ब्लास्ट. अक्यूट ल्युकेमियात घडातले मणी फुगायच्या आधीच अडकून बसावेत तसं होतं. कोवळ्यांचीच गर्दी वाढते आणि तयार पेशींना जागा उरत नाही. म्हणून दम, म्हणून रक्तस्राव, म्हणून ताप. एम१ मध्ये जवळपास सगळेच ब्लास्ट, पिकलेलं काही नाही. एम२ मध्ये ब्लास्ट भरपूर, पण थोड्या पेशी पुढं पिकताना दिसतात. एम४ आणि एम५ मध्ये मोनोसाइटच्या वळणाच्या पेशी, ह्या पेशंटच्या हिरड्या कधीकधी सुजून दातांवर चढतात. एम६ लाल पेशींच्या घराण्यातला, एम७ प्लेटलेटच्या. एम३ बद्दल वाकडकरांनी सांगितलंच आहे.

ऑअर रॉड म्हणजे ब्लास्टच्या आत दिसणारी लालसर काडी. ती दिसली की पेशी मायलॉइड, ह्यात वाद नाही. लिम्फॉइड ब्लास्टमध्ये ती नसते. तालुक्याच्या लॅबमध्ये, फक्त लीशमन स्टेनवर (रक्ताच्या स्लाइडला लावायचं रोजचं रंगद्रव्य), ती काडी ओळखून त्याच दिवशी फोन करणाऱ्या माणसाला माझा नमस्कार सांगा. मशीनला ती काडी दिसत नाही. मशीन आकडा देतं आणि शेजारी एक खूण टाकतं, बस्स.

मग मोठ्या दवाखान्यानं एम२ का नाही लिहिलं? कारण ते वर्गीकरण आता मागे पडलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये नवीन पद्धत आणली. २००८ मध्ये ती सुधारली, २०१६ मध्ये पुन्हा, आणि २०२२ मध्ये पाचवी आवृत्ती आली. तिचा रोख पेशी कशी दिसते ह्याच्यापेक्षा तिच्या आत काय बिघडलंय ह्याच्याकडं. एफएबीत ३० टक्के ब्लास्ट असतील तरच अक्यूट म्हणायचे, २००१ पासून ती रेघ २० वर आली. ती रेघ कशी मोजतात तेही ऐका. तेलाच्या लेन्सखाली रक्तात २०० पांढऱ्या पेशी, मॅरोत ५०० पेशी, एकेक बघून बोटानं काउंटर दाबत मोजायच्या. दोन चांगले पॅथॉलॉजिस्ट बसवले तर एक १८ सांगेल, एक २२. एवढ्याशा फरकावर आजाराचं नाव फिरवणं मला कधीच पटलं नव्हतं. मामाचे ६२ आहेत, तिथं हा प्रश्नच येत नाही.

आता सीडी१९. तुम्ही शोधलंत ते चूक नाही. फ्लो सायटोमेट्रीत पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात आणि त्यांच्या अंगावर व आत कोणती प्रथिनं आहेत ते चमकणाऱ्या अँटिबॉडी लावून कळतं. सीडी१९ हे साधारणपणे बी पेशीचं. पण ल्युकेमियाची पेशी शिस्तीची नसते, दुसऱ्या घराची खूण अंगावर बाळगते. एका खुणेवर नाव ठरवत नाहीत, सगळी ठेवण बघतात. एमपीओ हे मायलॉइडचं हुकमी लक्षण, ते तुमच्याकडं आहे. सीडी३४ आणि सीडी११७ पेशी कोवळी असल्याचं सांगतात. ह्यात सीडी१९ आणि सीडी५६ मिसळलेले दिसले की मला घोटाळा वाटत नाही, उलट एक ओळखीचा चेहरा आठवतो. आठव्या आणि एकविसाव्या क्रोमोसोमचे तुकडे एकमेकांत बदलले गेलेले असतात, त्या एएमएलमध्ये नेमकं हेच दिसतं. त्याच्या स्लाइडसुद्धा मला आवडायच्या, आजार वाईट असला तरी. मोठाले ब्लास्ट, निळाशार सायटोप्लाझम, केंद्रकाच्या कुशीत एक फिकट जागा, तीत एकच लांब, दोन्ही टोकांना निमुळती ऑअर रॉड. आणि पिकत चाललेल्या पेशींमध्ये फिकट गुलाबी-नारिंगी दाणे. जुन्या एम२ मधला बराच वाटा ह्याच पेशंटचा होता.

मामाचं तेच निघेल असं मी इथून सांगणार नाही. पण तुमचे डॉक्टर फिश आणि क्रोमोसोम का मागतायत ते मला दिसतंय.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात चोख आहे, नाव ठरलं नसेल तर केमो कशाच्या भरवशावर? नाव टप्प्याटप्प्यानं ठरतं आणि प्रत्येक टप्पा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. स्लाइड काही तासांत सांगते की अक्यूट ल्युकेमिया आहे, आणि एम३ चा संशय आहे की नाही. तो असेल तर त्या रात्रीच औषध, कारण त्यात रक्त गोठण्याची यंत्रणाच कोसळते. फ्लो एक-दोन दिवसांत सांगते मायलॉइड की लिम्फॉइड. ह्यावर केमोची जात ठरते, आणि ती सुरू करायला एवढं सहसा पुरतं. क्रोमोसोम आणि जीन्स ह्यांना दिवस लागतात, कधी आठवडे. त्यांचं उत्तर लागतं ते पुढं, पहिलं केमो संपून मॅरो सावरल्यावर. आता नुसत्या केमोवर भागेल, का भावंडांपैकी कुणाचा मॅरो घेऊन प्रत्यारोपण करायचं? ह्या प्रश्नावर एम२ एक अक्षर बोलत नाही.

आणि नमुना केमोच्या आधीच घ्यावा लागतो. क्रोमोसोम बघायला पेशी जिवंत लागतात. त्या वाढवतात, विभागणीच्या ऐन क्षणी थांबवतात, मग क्रोमोसोमचे फोटो काढून जोड्या लावतात. म्हणून त्याची नळी हिरव्या बुचाची, हेपॅरिनची. फ्लोची जांभळ्या बुचाची. केमो सुरू झाल्यावर म्हणाल आता पैसे जमले, करा टेस्ट, तर बघायला पेशी उरलेल्या नसतात. पैशाची सोय दोन दिवसांनी होणार असेल तरी नमुना आज काढून ठेवता येतो का, एवढं आजच विचारा.

रोखठोक

मॅडम, तुमचं लिहिणं छान आहे, पण गरीब माणसाच्या बाजूनं एक विचारतो. माझ्या चुलत्याला एएमएल होता. टेस्टांचा एवढा गठ्ठा झाला आणि शेवटी औषध काय, तर सात दिवस एक आणि तीन दिवस दुसरं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना पण तेच, तिच्या पलीकडच्या पोराला पण तेच. सगळ्यांना एकच काढा पाजायचा तर नाव पन्नास प्रकारचं कशाला?

निळी_स्लाइड

रोखठोक, राग रास्त आहे. सात दिवस सायटाराबीन आणि तीन दिवस डॉनोरुबिसिन, ही जोडी १९७० च्या दशकापासून चालत आलीय आणि आजही बहुतेक धडधाकट पेशंटची सुरुवात तिनंच होते. खोटं कशाला बोलू.

पण शेजारच्या खाटेवरचा एम३ असता तर त्याला हा काढा मिळाला नसता. शांघायच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात आट्रा वापरून दाखवलं, हार्बिनच्या डॉक्टरांनी आर्सेनिक, तोच विषारी सोमल. आज पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या नसतील तर एम३ चे पेशंट ह्या दोन औषधांवर, नेहमीच्या केमोशिवाय बरे होतात. पूर्वी तो सगळ्यांत लवकर मारणारा ल्युकेमिया होता. नावामुळं एवढा फरक पडला, कारण ते नाव नेमक्या बिघाडाचं आहे: पंधरा आणि सतरा क्रोमोसोमची अदलाबदल, तिच्यातून तयार होणारा पीएमएल-रारा हा जोडजीन, आणि त्याच्यावरच बसणारं औषध. एफएलटी३ हा जीन बिघडलेला असेल तर त्याच सात-तीनला मिडोस्टॉरिनसारखी गोळी जोडतात. लिम्फॉइडमध्ये फिलाडेल्फिया क्रोमोसोम निघाला तर इमॅटिनिब किंवा डॅसॅटिनिब लागतं, आणि मोठ्या माणसांच्या एएलएलमध्ये तो साधारण चौघांतल्या एकाला असतो. तो न बघता केमो रेटणं म्हणजे हातात असलेलं औषध न देणं.

एक मात्र तुमचं मान्य. प्रत्येकाला पन्नास-शंभर जीन्सचा महागडा पॅनेल लागतोच असं मला वाटत नाही. पेशंटचं वय जास्त आहे, मोठं केमो झेपणार नाही आणि घरच्यांनी सौम्य उपचारच ठरवलेत, तर त्या पॅनेलमधल्या प्रत्येक ओळीनं काही बदलणार नसतं. डॉक्टरांना तोंडावर विचारावं: ह्या टेस्टचं उत्तर असं आलं तर काय कराल, तसं आलं तर काय कराल? दोन्हीला एकच उत्तर मिळालं तर पैसे वाचवा. मी नोकरीत असताना वॉर्डातल्या ज्युनिअरना हेच विचारायची, त्यामुळं मी फारशी लोकप्रिय नव्हते.

सईची_आई

लिम्फॉइडच्या बाजूचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझी मुलगी चार वर्षांची असताना बी-एएलएल निघाला. आता शाळेत जाते.

आमच्या पहिल्या कागदावर एल१ होतं. मीही तेव्हा एक म्हणजे बरं असं धरून चालले होते. पुढं कळलं की एल१ आणि एल२ वेगळं काढण्याला आता कोणी विचारत नाही, आणि एल३ तर बर्किट निघाला, त्याचा उपचारच निराळा. आमच्या डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न हे होते: बी की टी? पांढऱ्या पेशी सुरुवातीला ५० हजारांच्या वर होत्या का? वय एक ते दहाच्या मधलं आहे का? डोक्या-मणक्याच्या पाण्यात पेशी आहेत का? मग क्रोमोसोम. सईला ईटीव्ही६-रंक्स१ हा जोडजीन निघाला, तो मुलांमध्ये चांगल्यातला धरतात. वॉर्डात एक टी-एएलएलचा मोठा मुलगा होता, त्याच्या छातीत गाठ होती आणि त्याला आडवं झोपताच येत नव्हतं, बसूनच झोपायचा. आजाराचं आडनाव एकच, पण दोघांचं सगळंच वेगळं.

आणि खरं सांगू का, पहिला महिना संपल्यावर त्या नावापेक्षा आम्ही एमआरडीच्या आकड्याची वाट बघत होतो. मायक्रोस्कोपला दिसणार नाहीत इतक्या थोड्या पेशी उरल्यात का, ते फ्लोवर बघतात. तो निगेटिव्ह आला त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं वॉर्डातल्या सगळ्यांना सामोसे आणले आणि सिस्टर ओरडल्या, कारण न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी असलेल्या पोरांना बाहेरचं चालत नाही.

भाचा, मामाला टेस्टचं कितपत सांगायचं ते घरात ठरवून टाका. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळं सांगितलं की पेशंटला सगळ्यांत जास्त भीती वाटते.

भाचा_तासगाव

सगळ्यांचे आभार. वाकडकर, एम३ नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. निळी_स्लाइड मॅडम, तुमचं वाचून त्याच दुपारी विचारलं. नमुना काढून ठेवला, पैसे नंतर भरले, केमो सुरू झालं. तालुक्याच्या डॉक्टरांना तुमचा नमस्कार पोचवला. ते लाजले आणि म्हणाले, काडी मोठी होती हो, कुणालाही दिसली असती.

आता फिश आणि क्रोमोसोमचा रिपोर्ट आलाय. तुम्ही म्हणाला तेच निघालं, आठ आणि एकवीस. पण त्या ओळीत सुरुवातीला ४५ लिहिलंय, मग एक्स, मग वजा वाय. माणसाचे ४६ असतात ना? वाय गेला म्हणजे काय? मामाला दोन मुलगे आहेत, मामीनं पहिलं तेच विचारलं की पोरांना काही होईल का. दुसरं, रिपोर्टाच्या तळाला दोन नावं दिलीत, एक डब्ल्यूएचओ २०२२ म्हणून आणि एक आयसीसी २०२२ म्हणून. ह्यातलं खरं कुठलं?

निळी_स्लाइड

वाय गेलाय तो फक्त ल्युकेमियाच्या पेशींमधून. मामाच्या बाकी अंगात, कातडीत, लिव्हरमध्ये, सगळीकडं ४६ च आहेत. आठ-एकवीसवाल्या पुरुषांत जवळपास निम्म्यांच्या ल्युकेमिया पेशींतून वाय नाहीसा झालेला असतो. बायकांमध्ये तसाच एखादा एक्स. त्यामुळं आजार बिघडला असं धरत नाहीत. आठ-एकवीसची अदलाबदलही मामाला आईवडिलांकडून आलेली नाही आणि पोरांना जाणार नाही. ती मॅरोच्या एका पेशीत घडली आणि तिच्या वंशात राहिली. मामींना हे पहिलं सांगा, बाकीचं मागाहून.

ही अदलाबदल पहिल्यांदा ओळखली ती शिकागोच्या जॅनेट राउली ह्यांनी, १९७३ साली. क्रोमोसोमचे फोटो कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडायच्या आणि तुकडे जुळवायच्या. फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणजे नऊ आणि बावीसची अदलाबदल, हेही त्यांनी त्याच वर्षी दाखवलं, आणि १९७७ मध्ये एम३ ची पंधरा-सतरा. म्हणजे एफएबीचे आकडे १९७६ मध्ये छापून येण्याआधीच त्यांना मागं टाकणारी पद्धत एका घरातल्या टेबलावर सुरू झाली होती. हे सांगायचा मोह मला नेहमीच होतो.

दोन नावांचं म्हणाल तर दोन्ही खरी. २०२२ मध्ये तज्ज्ञांचे दोन गट झाले आणि दोन वर्गीकरणं आली, एक जागतिक आरोग्य संघटनेचं (डब्ल्यूएचओ) आणि एक दुसऱ्या गटाचं (आयसीसी). माझ्या मते हा पेशंटवर अन्यायच, पण असो. भांडण मुख्यतः सीमेवरचं आहे. आठ-एकवीस सापडला तर डब्ल्यूएचओ म्हणते, ब्लास्ट २० टक्क्यांपेक्षा कमी असले तरी एएमएल म्हणा. आयसीसी म्हणते, निदान १० तरी पाहिजेत. मामाचे ६२, म्हणजे दोघांच्या हिशोबात एकच आजार. तळाची दुसरी ओळ सोडून द्या. सीडी१९ चंही उत्तर इथंच मिळतं: आठ-एकवीस असेल तर बी पेशीच्या खुणा कितीही दिसल्या तरी त्याला मिश्र ल्युकेमिया म्हणायचं नाही, असा नियमच आहे.

हा प्रकार चांगल्या गटात धरतात. चांगला म्हणजे सोपा नव्हे, पहिला महिना सगळ्यांना जड जातो, इन्फेक्शन आणि रक्तस्राव तिथंच गाठतात. चांगला म्हणजे सायटाराबीन ह्याच्यावर नीट काम करतं. पहिल्या केमोनंतर मॅरो साफ झाला की मोठ्या डोसच्या सायटाराबीनच्या आणखी फेऱ्या देतात आणि सहसा प्रत्यारोपण लगेच करत नाहीत. ते राखून ठेवतात. म्हणून ती महागडी टेस्ट वाया गेलेली नाही, तिनं निदान आत्तापुरतं मामाच्या भावंडांना प्रत्यारोपणाच्या धावपळीतून सोडवलंय.

जीन्सच्या रिपोर्टात केआयटी नावाची ओळ बघा. ती पॉझिटिव्ह असेल तर आजार उलटण्याची भीती थोडी जास्त धरतात आणि लक्ष अधिक ठेवतात. आणि सईच्या आईंनी सांगितलेला एमआरडी इथंही आहेच. इथं तो बहुधा पीसीआरनं मोजतात, कारण अदलाबदलीतून तयार झालेला रंक्स१ चा जोडजीन हीच मोजायला हक्काची खूण. दोन फेऱ्यांनंतर तो किती पटींनी उतरला हे बघतात, एका तारखेच्या आकड्यावर घाबरायचं नाही. तो अगदी शून्य झाला नाही आणि तसाच खाली टिकून राहिला असंही होतं. पण उतरलेला आकडा पुन्हा चढायला लागला तर मात्र डॉक्टर थांबत नाहीत. म्हणून शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, लॅब बदलली की आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

भाचा_तासगाव

केआयटी निगेटिव्ह आहे, आत्ताच बघितलं. मामीला पोरांचं सांगितलं. दुसरं काही न विचारता ती डबा भरायला उठली. मावशी अजून स्टेजवरच अडून आहे, तिला आता सांगितलंय की स्टेज नाही, गट आहे आणि गट चांगला आहे. एवढं तिला चाललं.

एक शेवटचं. पुढच्या फेऱ्या सांगलीत घ्यायच्या की मुंबईला दाखवून यायचं हे घरात चाललंय. दाखवायला गेलो तर सोबत काय काय न्यायचं?

निळी_स्लाइड

दुसरं मत घ्यायला हरकत नाही. परळचं टाटा किंवा त्यांचंच खारघरचं केंद्र इथं रोज असे पेशंट येतात. पण केमोच्या मधल्या दिवसांत, पांढऱ्या पेशी तळाला असताना पेशंटला प्रवास घडवू नका. कागद घेऊन तुम्ही एकटे जाऊन या.

सोबत पहिल्या दिवसाची सीबीसी, मॅरोचा रिपोर्ट, फ्लोचा रिपोर्ट आलेखांच्या पानांसकट, फिश, क्रोमोसोम, जीन्स आणि आतापर्यंत दिलेल्या औषधांचा डोससकट कागद. नुसता डिस्चार्जचा सारांश पुरत नाही. आणि मूळ स्लाइड मागून घ्या, उपचारापूर्वीच्या मॅरोच्या आणि तालुक्याच्या लॅबमधल्या रक्ताच्याही. लेखी अर्ज द्या आणि कोणत्या नंबरच्या स्लाइड दिल्या ते लिहून घ्या. त्या काचेच्या असतात, प्लॅस्टिकच्या स्लाइड-डबीत मिळतात, डबी नसेल तर लॅबकडूनच मागा. रुमालात गुंडाळून आणलेल्या स्लाइडचे तुकडे मी टेबलावर जुळवत बसलेली आहे, आणि त्यातून निदान होत नाही.